सव्वा मूठ गहू

माझा धाकटा भाऊ अभिमन गेला तेव्हा चौतीस वर्षांचा होता. त्याचा विषय निघाला की लोक "लई चांगला माणूस व्हता" म्हणतात आणि चहाचा कप खाली ठेवतात. मला या बोलण्याचा राग येतो. चांगला म्हणजे काय? हट्टी होता, बोलायला लागला की थांबायचा नाही, छत्री हमखास कुठेतरी विसरून यायचा, आणि स्वतःच्या पोरीपुढे त्याला जगात कोणी दिसायचं नाही. मीसुद्धा नाही. तो कसा होता ते मी नीट सांगणार आहे. सांगताना मी काय केलं तेही सांगावं लागेल, कारण ते गाळून त्याची गोष्ट पुरी होत नाही, आणि गेली दोन वर्षं मी ते गाळतच आलो होतो.

माझं नाव हिलाल, पण पिंपळनेरात मला सगळे नाना म्हणतात, माझी आई धरून. एसटीत कंडक्टर आहे, सव्वीस वर्षं झाली. पिंपळनेरहून साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल करत जळगाव, आणि दुसऱ्या दिवशी परत. माणसं मोजणं हा माझा धंदा. गाडीत एक नजर फिरवली की डोकी किती ते मला कळतं, आणि मशीनमधल्या तिकिटांशी ताळा जमला नाही तर चैन पडत नाही. ही सवय मी घरीही आणली, आणि तिथेच सगळं बिघडलं.

वडील गेले तेव्हा मी एकोणीसचा होतो आणि अभिमन सहाचा. लोक म्हणतात हिलालने भावाला वाढवलं. वाढवलं आईने, मी फक्त रागावायचं काम केलं. आयटीआय झाल्यावर तो जळगावच्या एका ठेकेदाराकडे ठिबकचा फिटर म्हणून लागला. सावदा, रावेरकडे केळीच्या बागाच बागा. तिथे नळ्या अंथरायच्या, फिल्टर बसवायचे, शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोचतंय की नाही ते वाकून वाकून बघायचं. अंगाला सदा त्या काळ्या नळ्यांचा वास. जळगावात मेहरूणला दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि लग्न केलं. बायको दिपमाला डाळमिलमध्ये सकाळच्या पाळीला जायची. दोघांचं बरं चाललं होतं.

मुलगी झाली ती सातव्या महिन्यातच. मे महिन्याचे शेवटचे दिवस, रोहिण्या लागलेल्या, जळगावच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. पोर तेराशे ग्रॅमची. दिपमालाला झटके आलेले, ती दुसऱ्या वॉर्डात बेशुद्ध. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाला कुणीतरी उघड्या छातीशी धरून बसावं लागेल, माणसाच्या अंगाची ऊब मिळाली तर जगेल. आई म्हणाली, मी बसते. अभिमनने ऐकलं नाही. तो आधी न्हाव्याकडे गेला आणि छातीवरचे केस काढून आला, पोरीला टोचतील म्हणून. मग दिपमालाच्या जुन्या साडीने पोर छातीशी बांधली आणि बावीस दिवस बसला.

मी भेटायला गेलो तर बायकांच्या रांगेत हा एकटा बाप्या उघडाबंब बसलेला. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "लाज वाटत नही का रे तुले?"

"नाना, हळू बोल," तो म्हणाला. "ती झोपेल शे."

पोर जगली. नाव ठेवलं रोहिणी. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की दुसरं बाळंतपण दिपमालाला झेपणार नाही. तिचं ऑपरेशन करायचं तर तिच्या अंगात ताकद नव्हती. अभिमनने कुणाला न विचारता स्वतःचं करून घेतलं. आमच्याकडे पुरुषाने हे ऑपरेशन करणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्यांनाच कळेल. पारावर लोक त्याच्यावरून हसले. आई महिनाभर त्याच्याशी बोलली नाही, ताट वाढायची आणि तोंड फिरवून बसायची. मीही त्याला नको नको ते बोललो. तो म्हणाला, "एक शे ना. बास." आणि पोरीचे पाय चोळत बसला.

दिपमालाची पाळी पहाटेची, म्हणून रोहिणीला शाळेसाठी तयार करायचं काम त्याचं. वेणी घालता येईना. तर हा गडी दुपारच्या सुटीत बागेत बसून केळीच्या खोडावरच्या सोपटाचे तीन पट्टे काढायचा आणि वेणी घालायचा सराव करायचा. सोबतचे फिटर खदाखदा हसायचे. एक जण म्हणाला होता, अभिमन, आता गजरा बी माळ. पण महिन्याभरात त्याला अशी घट्ट वेणी जमली की शाळेतल्या बाई दिपमालाला म्हणाल्या, तुमचा हात फार छान आहे. तिने खरं सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तो शाळेत जाऊन सगळ्यांच्याच वेण्या घालत बसला असता. केसांची दोन रबरं त्याच्या मनगटावर कायम असायची. फिल्टर उघडताना, भाकरी खाताना, माझ्याशी भांडताना, कायम.

आता ते भांडण.

खानदेशाबाहेरच्या माणसाला कानबाई सांगावी लागते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या घरोघरी कानबाई ही देवी बसते. दिवाळीला न येणारी माणसंसुद्धा त्या दिवशी सुरतेहून, नाशकाहून गावी येतात. त्या दिवशीच्या नैवेद्याला आम्ही रोट म्हणतो. रोटाचे गहू आदल्या दिवशी मोजतात, आणि ते किलोने नाही, मुठीने. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. ज्याने त्याने आपल्या हाताने परातीत टाकायची, कडेवरच्या पोराची त्याच्या बापाने त्याचा हात धरून टाकायची. ते गहू दळून जे होईल ते घरच्यांनीच खायचं, बाहेर एक घास जाऊ द्यायचा नाही. बायकांची मूठ नसते. लेक परक्या घरी जाणार आणि सून नवऱ्याच्या मुठीत आली, असा त्यामागचा हिशेब.

आमच्या परातीत दहा मुठी पडायच्या. मी, माझे दोन मुलगे, अभिमन, वडिलांचे चुलतभाऊ भटू आबा, त्यांचे दोन मुलगे आणि तीन नातू. मोजायचं काम माझ्याकडे, ते ओघानेच आलं.

दोन वर्षांपूर्वीचा शनिवार. दुपारची वेळ. नऊ जणांच्या मुठी पडल्या, अभिमनची दहावी. ती टाकून तो उठला नाही. त्याने सात वर्षांच्या रोहिणीला मांडीवर ओढलं आणि म्हणाला, "आते हिनी."

मी म्हटलं, "तुनं डोकं फिरनं का? आंडेरनी मूठ नही ऱ्हास."

आंडेर म्हणजे लेक. तो हसत होता. "नाना, बसमा तू तिनं अर्धं तिकीट फाडस ना? मंग आठे अर्धी मूठ तरी पडू दे."

माझे मुलगे हसले. भटू आबा हसले नाहीत. ते आमच्यातले सगळ्यांत वडील, त्यांचा शब्द खाली पडत नाही. ते म्हणाले, "देवीले हाई चालत नही, अभिमन." आता अभिमनचंही हसणं गेलं. त्याने विचारलं, "आबा, मना मांगे मना घरनी मूठ कोन टाकी?"

मी ओरडलो. घराण्याची रीत, बापाचं नाव, जे तोंडाला येईल ते बोललो. अभिमनने ऐकून घेतलं, पोरीचा हात आपल्या हातात धरला, गव्हाच्या डब्यात घातला आणि परातीत रिता केला. मग बोटांच्या चिमटीने वरचे चार दाणे, सव्वातली पावकी म्हणून. रोहिणीने आमच्याकडे बघितलं. तिला वाटलं आम्ही टाळ्या वाजवू. आबा काठी घेऊन उठून गेले.

अभिमन तिला खांद्यावर घेऊन नदीवर गेला. जाताना तिला सांगत होता, "आता तू पण रोटात आहेस, बरं का." तिच्याशी तो शाळेतली मराठी बोलायचा.

घरात कुणी नव्हतं. बायका मागच्या अंगणात गंगाफळं, म्हणजे लाल भोपळे, चिरत होत्या. मी परातीपाशी एकटा. परातीत अकरा मुठी आणि हिशेब दहाचा. मला ते सहन होईना. मी हात घातला, सव्वा मूठ गहू काढले आणि परत डब्यात टाकले. वरून हात फिरवून परात सारखी केली. देवीची भीती होती असं म्हणत नाही, मी फारसा देवाधर्माचा माणूस नाही. आबांचा मान राहावा असं वाटलं, आणि ताळा जमावा असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर अभिमनची जिरवावी असंही वाटलं. मी कुणाला काही बोललो नाही. रविवारी अभिमनने रोट खाताना रोहिणीला भरवत विचारलं, "यात तुझे गहू कुठले, सांग?" ती बोट दाखवायची, "हे. हे. हे पण." मी मान खाली घालून कढी पीत होतो.

त्यानंतर चाळीस दिवसही झाले नाहीत.

मी ड्यूटीवर होतो. धुळे सोडलं होतं, गाडी खच्चून भरलेली. त्याच्या सोबतच्या फिटरचा फोन आला. सावद्याजवळच्या एका बागेत रात्रभर पाऊस झाला होता, सकाळी अभिमन फिल्टर धुवायला गेला आणि मोटार बंद करायला स्टार्टरच्या पेटीला हात लावला. पेटीत करंट उतरलेला. अर्थिंग नव्हतंच. फिटर म्हणाला, "नाना, तो गया."

गाडीत साठ माणसं. मला सोडून तिकिटं कोण देणार? पारोळ्याला माणसं उतरली, नवी चढली. मी विचारत होतो, कुठं जायचं, कुठं जायचं, आणि मशीनमधून तिकिटं निघत होती. एरंडोलला एका म्हातारीने दहाची नोट दिली आणि म्हणाली, भाऊ, रडतो काय? तेव्हा मला कळलं. जळगावपर्यंत मी एकही तिकीट चुकलो नाही. या गोष्टीचा मला अजून संताप येतो.

पोलिसांनी मला एका पिशवीत त्याचं घड्याळ, मोबाइल आणि दोन गुलाबी रबरं दिली. मी रबरं माझ्या खिशात ठेवली. दिपमालाला फक्त घड्याळ आणि मोबाइल दिला. का, ते मला विचारू नका.

दहाव्याला सगळे जमले होते. क्रिया आटोपून लोक ओट्यावर बसलेले, आणि भटू आबा, फार मोठ्याने नाही पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "मी तवयच सांगेल व्हतं. पोरनी मूठ पडनी, नि चाळीस दिन बी व्हयनात नही." दोघं-तिघं माना हलवायला लागले. दारात रोहिणी उभी होती. पांढरा फ्रॉक, केस मोकळे, कारण वेणी घालणारं कुणी नव्हतं. दिपमालाला शुद्ध नव्हती.

मला एक वाक्य बोलायचं होतं. आबा, तिची मूठ परातीत नव्हतीच, मी काढली होती. एवढंच. आणि मी मूग गिळून बसलो. कारण त्या वाक्याच्या मागोमाग आबांनी काय विचारलं असतं ते मला ठाऊक होतं. मी ते स्वतःला दहा दिवस विचारतच होतो. गव्हावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. रोहिणीची मूठ केवढी, चिमणीला एक दिवस पुरेल एवढी. मी काढली ती माझ्या या पंज्याने. तिच्यापेक्षा कितीतरी जास्त काढली. मग उरलेले गहू कुणाचे काढले? सगळ्यांत वर, सगळ्यांत शेवटची पडलेली मूठ तिच्याआधी कुणाची होती? अभिमनची.

मी असलं काही मानत नाही. माणूस करंटने मेला, हे मी पोलिसांच्या कागदावर वाचलंय. पण गाडी सुरू झाली की एका सीटवर बसून मी तेच मोजत राहायचो.

पुढच्या श्रावणात वर्ष झालं नव्हतं म्हणून घरी कानबाई बसली नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. जळगावला गाडी लागली की मी मेहरूणला जाऊन यायचो, कधी भाजी, कधी वह्या, कधी आईने दिलेलं लोणचं. दिपमालाने डाळमिल सोडली नव्हती. रोहिणी माझ्यासमोर फारशी येत नसे. पोर वाळत चालली होती, गालाची हाडं दिसायला लागली होती. मला वाटलं, बाप गेल्याचं दुःख, दुसरं काय असणार.

या आषाढात दिपमालाने मला सांगितलं. मी खुर्चीवर, ती दाराच्या चौकटीत उभी.

"नाना, रोहिणी गहू खात नही. दोन वरीस व्हयनात. भात खास, कळण्यानी भाकर खास, पोळीले हात लावत नही. शाळाम्हा बिस्किट देतस ते बी वापस आनस."

मी विचारलं, डॉक्टरला दाखवलं का.

"दखाडं. टॉनिक दिधं." तिने आतल्या खोलीकडे बघितलं. "परवा माले सांगं तिनी. तिले वाटस, तिनी मूठ पडनी म्हनीसन पप्पा गयात. आते तिनी गहू खादा तर मी बी जासू."

आतल्या खोलीत रोहिणी पाठ मोठ्याने म्हणत होती. नऊ वर्षांची पोर, दोन वर्षं ताटातली पोळी बाजूला सारत होती, आईला जगवायला. आणि मी दर आठवड्याला तिथे बसून चहा पीत होतो.

तिथल्या तिथे सांगता आलं असतं. जीभ रेटेना. शिवाय मनात आलं की आबा बोलले ते चारचौघांत, मग हेही चारचौघांत झालं पाहिजे, नाहीतर पोर म्हणेल नाना माझी समजूत घालताहेत. हे कारण खरं होतं. भीती वाटत होती हेही खरं होतं. मी म्हटलं, "या वरीसले कानबाईले तुम्ही दोन्ही या. माले काहीतरी सांगानं शे, बठ्ठासना पुढे."

ती नाही म्हणाली. मी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा हो म्हणाली, आणि तेही माझ्या तोंडाकडे बघून घाबरल्यामुळे.

शुक्रवारी दोघींना मी माझ्याच गाडीने आणलं. आता सगळ्या बायांनाच अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दोघींची दोन अर्धी तिकिटं निघाली. रोहिणी खिडकीपाशी बसली. कुसुंब्याच्या पुढे तिने मला एकच गोष्ट विचारली, "नाना, तिथे गव्हाला हात लावावा लागेल का?"

"तुला नको असेल तर नाही," मी म्हटलं.

शनिवारी दुपारी परात मांडली. आबांची मूठ पडली, त्यांच्या मुलांची, नातवांची, माझ्या मुलांची. मी शेवटचा होतो. सव्वा मूठ टाकली आणि हात परातीतच ठेवला, म्हणजे उठून जाता येऊ नये. म्हटलं, थांबा सगळे. आई भिंतीशी बसली होती, दिपमाला स्वयंपाकघराच्या दारात, रोहिणी तिच्या पदराला धरून. मी बोलायला सुरुवात केली. रोहिणीला कळावं म्हणून तिच्या शाळेतल्या मराठीत बोललो.

"दोन वर्षांपूर्वी अभिमनने रोहिणीची मूठ टाकली. तो नदीवर गेला आणि मी इथे बसून ती काढली. या डब्यात परत टाकली. त्या वर्षीच्या रोटात रोहिणीचा एक दाणासुद्धा नव्हता. दहाव्याला आबा बोलले तेव्हा मला हे माहीत होतं. मी गप्प बसलो."

आईने पदर तोंडाला लावला. आबा माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी विचारलंच, "मंग काढी ती मूठ कोनी व्हती?"

"माले माहीत नही, आबा." माझा आवाज चढला. "कोनीबी राहो. त्या स्टार्टरले अर्थिंग नव्हतं. मुठीनी नही, करंटनी गया मना भाऊ. तुमनी जीभ नि मनी जीभ, दोन्हीसनी मिळीसन या पोरले दोन वरीस उपाशी मारं!"

आबांशी असं मी जन्मात बोललो नव्हतो. पण ते उठून गेले नाहीत. दिपमाला मात्र गेली, आत, आणि तिने दार लोटून घेतलं. दार लोटण्याआधी तिने माझ्याकडे जे बघितलं ते मी सांगत नाही. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. बोलावं असं मी म्हणणारही नाही.

रोहिणी तिथेच उभी राहिली. पदर निसटल्यावर तिचा हात तसाच हवेत होता. तिने विचारलं, "पप्पांना माहीत होतं?"

"नाही."

"पक्कं?"

"पक्कं. त्याला वाटत होतं तू रोटात आहेस."

तिने मान हलवली. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा हसेल, पोरीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं म्हणून मीच रडेन. तसं काही झालं नाही. तिचा चेहरा पडला. माझ्या लक्षात आलं की मी तिला एक गोष्ट परत दिली आणि दुसरी काढून घेतली. बापाने तिला सांगितलं होतं तू यात आहेस, आणि दोन वर्षं भीतीने का होईना, ती त्यात होती. आता ती नव्हतीच.

मी खिशातून ती दोन गुलाबी रबरं काढली. दोन वर्षांत ती कडक झाली होती. तिच्या हातावर ठेवली. तिने ती ओळखली. एक ताणून बघितलं तर तुटलं. दुसरं तिने ताणलं नाही, मनगटात सरकवलं. मग ती परातीपाशी आली, गुडघे टेकून बसली आणि गव्हाच्या डब्यात हात घातला. मूठ भरली, परातीवर आणली, आणि तिथेच धरून ठेवली. तिची आई गेली त्या बंद दाराकडे तिने एकदा बघितलं.

"टाक, बाई," भिंतीपासून माझी आई म्हणाली. अभिमनने ऑपरेशन केलं तेव्हा जी महिनाभर बोलली नव्हती, ती.

रोहिणीने मूठ सोडली. मग बापासारखेच चिमटीने चार दाणे वरून टाकले. आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आता काढू नका, नाना."

मी म्हणालो, नाही काढणार. पण माझ्या नाही म्हणण्याला आता काय किंमत उरली होती? मी परात उचलून डोक्यावर घ्यायला लागलो तर ती म्हणाली, खाली धरा, मला दिसत नाही. म्हणून मी परात पोटाशी धरून चाललो. गिरणी बाजारपेठेच्या टोकाला आहे. तेवढं अंतर ती परातीची कड एका हाताने धरून माझ्या बाजूने चालत होती. रस्त्यात लोक थांबून विचारत होते, नाना, अभिमननी पोर का? ती कुणाकडे बघत नव्हती. गव्हाकडे बघत होती.

त्या दिवशी गिरणीवाला जातं पुसून घेतो आणि फक्त रोटाचेच गहू दळतो. दारात रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा त्याने दरवर्षीप्रमाणे विचारलं, "कितल्या मुठी, नाना?"

अभिमनची आता नव्हती. मी मनात मोजायला लागलो आणि माझी मोजणी नवावर अडकली.

"दहा," रोहिणी म्हणाली. गिरणीवाल्याने पट्टा चढवला, आणि शेवटचा दाणा जात्यात उतरेपर्यंत ती परातीची कड सोडायला तयार झाली नाही.